बोटे झडत नाहीत

झाडाची पाने झडतात, आंब्याचा मोहोर झडतो, उतारवयात डोक्यावरचे केस झडतात. आणि आपल्या भाषेत महारोग्याची बोटेही झडतात. हा शेवटचा प्रयोग आपण इतक्या सहजपणे करीत आलो आहोत की त्यात काही चुकीचे असेल अशी शंकाही कोणाच्या मनास शिवत नाही. देठ सुकला की पान जसे आपोआप गळून पडते, तशीच रोगाने पोखरलेली बोटे एके दिवशी गळून पडत असली पाहिजेत, असे चित्र या एका क्रियापदाने पिढ्यानपिढ्या आपल्या मनावर कोरून ठेवले आहे. जिवंतपणीच ज्याचे शरीर असे गळून पडते, त्याच्याजवळ कोण बसेल? त्याच्या हातचे पाणी कोण पिईल?

श्रोतेहो, कुष्ठरोगात बोटे झडत नाहीत. ती भाजतात, कापतात, ठेचली जातात, जखमेवर जखम होऊन चिघळतात, आणि आतले हाड झिजत झिजत आखूड होत जातात. ऐकणाऱ्याला हा शब्दाचा कीस वाटेल. शेवट एकच, मग झडली काय आणि झिजली काय, असेही कोणी म्हणेल. पण पान गळण्याचे थांबविता येत नाही; भाजण्याचे आणि कापण्याचे मात्र थांबविता येते. शिवाय ते थांबविण्याचे काम एकट्या रोग्याच्या हातून होण्यासारखे नाही. त्याला दुसऱ्या माणसाची गरज लागते. आणि नेमके हे दुसरे माणूसच आपण त्याच्यापासून काढून घेतो.

तीसएक वर्षांपूर्वी वैद्यकीच्या निमित्ताने मी विदर्भातील एका खेड्यात काही दिवस मुक्कामास होतो. तेथे मजुरी करणारी एक बाई बोट भाजले म्हणून मजकडे आली. उजव्या हाताची तर्जनी टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पार भाजून निघाली होती. इतके भाजेपर्यंत बोट तव्यावर राहिलेच कसे, असे मी विचारले. ती शांतपणे म्हणाली, "दुखलंच नाही ना भाऊ. वास आला. मले वाटलं भाकरच करपली. मंग पायलं त बोट."

हे वाक्य मी आजवर विसरू शकलेलो नाही. स्वतःच्या देहाला आग लागल्याची वर्दी जिला नाकाने घ्यावी लागते, तिच्या एकटेपणाची कल्पना आपल्याला सहजासहजी यायची नाही.

मी तिला पोलक्याची बाही वर करावयास सांगितले. बाही मनगटापर्यंत लांब होती. उन्हाळ्याच्या दिवसांत शेतमजुरीला जाणाऱ्या बाईच्या अंगात अशी बाही क्वचितच दिसते. दंडाखाली रुपयाएवढा, नंतर पसरून तळहाताएवढा झालेला फिकट चट्टा होता. त्यावर घाम येत नव्हता, लव विरळ झाली होती, टाचणीचे टोक टेकविले तरी तिला कळत नव्हते. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आतल्या बाजूस वळू लागले होते. चट्टा किती दिवसांचा, असे विचारता ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली की तीन वर्षे झाली. मुलगी लग्नाची होती. चट्टा दाखविला असता तर गावात बोभाटा झाला असता आणि मुलीला स्थळ आले नसते. गेल्या वैशाखात लग्न उरकले. आता दाखवायला हरकत नव्हती. या तीन वर्षांत हाताच्या नसा निकामी झाल्या. मुलीच्या लग्नाचा खर्च तिने असा भागविला, असेच म्हणावे लागेल.

या रोगाचे मूळ शोधून काढले ते नॉर्वे देशातील बर्गेन येथील हान्सेन या वैद्याने, १८७३ साली. माणसाला रोग देणारा जो जंतू सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम ओळखला गेला, अशा अगदी आरंभीच्या जंतूंत याची गणना होते. हा जंतू विलक्षण संथ आहे. पटकीच्या एका जंतूचे दोन जंतू व्हायला तासही लागत नाही; याला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून शरीरात शिरल्यापासून पहिला चट्टा उठेपर्यंत सामान्यतः चार-पाच वर्षे जातात, क्वचित वीस वर्षेही. इतक्या काळात कोण कोणाच्या सहवासात होते याचा पत्ता लागणार कसा? मग पाप, पूर्वजन्म, नागाचा शाप, आईबापांचे कर्म अशी कारणे पुढे येतात. वस्तुतः रोग आनुवंशिक नाही, आणि फारसा संसर्गजन्यही नाही. बहुसंख्य माणसांच्या अंगी त्याच्याविरुद्ध उपजत प्रतिकारशक्ती असते. औषध न घेतलेल्या रुग्णाच्या दीर्घ आणि निकटच्या सहवासात, मुख्यतः त्याच्या श्वासावाटे, तो पसरतो. आणि औषध सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत ती शक्यताही संपते. पांढऱ्या कोडाशी त्याचा काही एक संबंध नाही. कोडात ना जंतू असतो, ना बधिरता. परंतु नावातील घोटाळ्यामुळे कोड उठलेल्या कित्येक मुली याच धास्तीच्या बळी झाल्या आहेत. पण तो विषय निराळा.

जंतूला शरीरातील थंड भाग आवडतात: कातडी, नाक, कानाची पाळी आणि कातडीच्या लगत वाहणाऱ्या नसा. आता बसल्या जागी आपल्या कोपराच्या आतल्या बाजूस बोटाने चाचपून पाहा. तेथे हाडाच्या खोबणीतून एक दोरी गेलेली लागेल. दाराच्या चौकटीवर कोपर आपटला की करंगळीपर्यंत ज्या झिणझिण्या जातात, त्या याच नसेमुळे. कुष्ठरोगात ही नस सुजते, जाड होते, आणि वेळीच औषध न मिळाल्यास मरते. ती मेली की करंगळीकडील हात बधिर होतो आणि बोटे वाकतात. गुडघ्याच्या बाजूची नस गेली की पाऊल लुळे पडते. चेहऱ्यावरची गेली की पापणी मिटत नाही, आणि धुळीने, कुसळाने डोळा जातो. जंतूचे स्वतःचे काम येथेच जवळजवळ संपते. पुढे जे होते ते चूल करते, विळा करतो, बाभळीचा काटा करतो.

ही गोष्ट आज सोपी वाटते, पण वैद्यकशास्त्रालाही ती उशिराच उमगली. दक्षिणेत वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड नावाचे शस्त्रवैद्य होते. तमिळ प्रदेशातील कोल्ली डोंगरातच १९१४ साली त्यांचा जन्म झालेला. १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी कुष्ठरुग्णांचे वाकडे हात शस्त्रक्रियेने सरळ करण्यास आरंभ केला. तोवर समजूत अशी की या रुग्णांचे मांसच सडके, त्यावर केलेली जखम भरून यायचीच नाही. ब्रँड यांच्या अनुभवास आले की जखमा इतर कोणाच्याही जखमांसारख्याच भरून येतात. मग पुन्हा पुन्हा नव्या जखमा होतात कोठून? रुग्णांच्या उठण्याबसण्यावर बारीक नजर ठेवली तेव्हा उलगडा झाला. कोणी निखाऱ्यावरचे भांडे उघड्या हाताने उचलीत होता, कोणी फिरत नसलेली किल्ली बोट कापेपर्यंत पिळीत होता. काहींची बोटे रात्री निजेत उंदीर कुरतडीत, आणि निजलेल्या माणसाला जाग येत नसे. तेव्हा रुग्णांना मांजरे पाळावयास सांगण्यात आले. एका असाध्य मानलेल्या व्याधीवर मांजर हा इलाज! मला स्वतःला मोठमोठ्या शोधांहून ही हकीकत अधिक महत्त्वाची वाटते, कारण बोटे झडतात या समजुतीचा पाया तिने ढासळविला.

वेदना ही आपण शत्रू समजतो. पण काटा रुतताच पाय उचलावयास लावणारी तीच असते. जोडा चावला की चालण्याची ढब बदलावयास लावणारीही तीच. कुऱ्हाडीचा दांडा किती घट्ट धरावा हे हाताला कळते तेही स्पर्शाने. बधिर हात तो गरजेपेक्षा अधिक आवळून धरतो आणि तळव्याला फोड येतात. शहरातल्या लेखनिकाचा हात बधिर झाला तर त्याची कामे अडतील, परंतु दौत आणि कागद त्याला भाजत नाहीत. खेड्यातल्या माणसाचा सगळा दिवस मात्र धारेवर आणि विस्तवावर चाललेला असतो. भात कापल्यावर उभे राहिलेले खुंट, तुरीचे फणकट, विहिरीचा काथ्याचा दोर, चुलीतले लाकूड, काठोकाठ भरलेला चहाचा पितळी पेला, बोटांशी येऊन पोचलेली विडी. आणि पायात बहुधा काही नाही. तळव्याला जखम झाली तर पाय टेकू नये, पंधरा दिवस पडून राहावे, एवढ्याने ती भरते. पण रोजंदारीवरच्या माणसाला पंधरा दिवस पडून राहा असे सांगणे किती सोपे आणि ते पाळणे किती अवघड, हे मी सांगावयास नको.

वेदना गेली तर तिचे काम डोळ्यांनी करावे लागते. रोज संध्याकाळी हातपाय नीट न्याहाळावे, कोमट किंवा साध्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवावे, मऊ झालेले घट्टे खरवडावे, ओल टिकावी म्हणून तेल चोळावे, आतून मऊ रबराचा थर असलेली चप्पल घालावी. उपाय इतकाच आहे आणि त्याला खर्च फारसा नाही. मात्र स्वतःचा तळवा स्वतःला दिसत नाही. तरुण माणूस पाय मुडपून पाहील. वाकलेल्या बोटांची, मंद नजरेची म्हातारी काय करणार? तिचा तळवा दुसऱ्या कोणी तरी पाहावा लागतो. सून, नातू, शेजारीण, कोणीही. घराबाहेर काढलेल्या, गोठ्यात निजणाऱ्या, वेगळ्या थाळीत जेवणाऱ्या माणसाचा तळवा कोण पाहणार? बहिष्काराने माणसाचे मन दुखावते हे आपण ऐकत आलो आहोत. या रोगात बहिष्काराने बोटे जातात. आणि गेलेली बोटे पाहून गाव अधिकच भिते. ती भीती पाहून दुसऱ्या घरातील कोणी तरी आपला चट्टा बाहीखाली झाकते.

गावाला एकट्याला दोष देऊन भागणार नाही. १८९८ साली इंग्रज सरकारने याविषयी एक कायदा केला. निराधार कुष्ठरुग्णाला पकडून आश्रमात कोंडण्याची मुभा त्यात होती. आणि सरकारने ठरविलेल्या क्षेत्रात त्याने सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू नये, विकण्यासाठी अन्न शिजवू नये, भाड्याच्या गाडीत बसू नये असे निर्बंध घालण्याचीही तरतूद होती. हा केंद्रीय कायदा औपचारिकपणे रद्द झाला तो २०१६ साली. विवाहाच्या कायद्यांत कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले. म्हणजे रोग औषधाने पुरता बरा होऊ लागल्यावरही सुमारे पस्तीस वर्षे कायद्याच्या पुस्तकात तो असाध्यच होता.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ साली विनोबांच्या प्रेरणेने कुष्ठधाम सुरू केले. पुढे अमरावतीस शिवाजीराव पटवर्धनांचे तपोवन आणि वरोड्याच्या माळरानावर बाबा आमटे यांचे आनंदवन उभे राहिले. या संस्थांनी टाकलेल्या माणसांना काम दिले, आणि कामाबरोबर ताठ मानेने जगण्याची जागा दिली. त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. तरीही अशा ठिकाणची बहरलेली शेते आणि हातमाग पाहताना माझ्या मनातून एक विचार जात नाही. येथे राहणारा बहुतेक प्रत्येक माणूस कोणत्या ना कोणत्या गावाने टाकून दिलेला आहे, आणि त्या गावाला आज त्याची आठवणही नाही.

म्हणून वर्ध्याच्याच परिसरातील दुसरी एक हकीकत मला अधिक विचार करावयास लावते. १९३९ साली परचुरेशास्त्री नावाचे एक विद्वान संस्कृत पंडित कुष्ठरोगाने जर्जर होऊन सेवाग्रामला आले. गांधीजींनी त्यांना आश्रमाच्या आवारात झोपडी बांधून दिली आणि ते स्वतः त्यांना मालिश करू लागले. मालिश करणाऱ्याच्या नजरेतून रुग्णाच्या अंगावरची एकही जखम सुटत नाही, हा त्यातला वैद्यकीय भाग. त्याचा उल्लेख सहसा होत नाही. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ १९५१ मध्ये वर्ध्याला कुष्ठकार्यासाठी एक प्रतिष्ठान स्थापन झाले. डॉक्टर वार्डेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला गावातून उचलून आश्रमात नेण्याची जुनी वाट सोडली. कार्यकर्त्याने गावोगाव, घरोघर जाऊन प्रत्येकाचे अंग तपासावे, गावाला रोगाची खरी माहिती द्यावी, आणि रुग्ण आपल्या घरी, आपल्या माणसांत राहूनच औषध घेईल असे पाहावे. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार या पद्धतीचा पुढे देशभर स्वीकार झाला. औषध तेव्हा एकच होते, डॅप्सोन. त्या गोळ्या वर्षानुवर्षे, काहींना जन्मभर घ्याव्या लागत. तरीही त्याआधीच्या कडू कवठीच्या तेलाच्या वेदनादायक टोचण्यांपेक्षा ती मोठीच सुटका होती.

डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची शिफारस केली. त्या उपचाराने रोग सहा किंवा बारा महिन्यांत समूळ बरा होतो. पाच किंवा त्यांहून कमी चट्टे असतील तर सहा महिने, अधिक असतील तर बारा. गोळ्या सरकारी आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात. डिसेंबर २००५ मध्ये भारतात दर दहा हजार लोकांमागे उपचाराखालील रुग्णांचे प्रमाण एकाच्या खाली आले, आणि सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न या नात्याने कुष्ठरोगाचे निर्मूलन झाल्याचे जाहीर करण्यात आले. या वाक्यातील पहिला अर्धा भाग लोक विसरले. निर्मूलन एवढा शब्द तेवढा ध्यानात राहिला. ज्या शब्दांनी आपले या रोगाबाबत नुकसान केले, त्यांत झडणे या शब्दानंतर माझ्या मते याचा क्रम लागतो. जो रोग संपला असे मानले जाते, तो तरुण डॉक्टर शोधीत नाही, आणि खेडूत बाईला तिचा चट्टा दाखवावासा वाटत नाही. आजही आपल्या देशात दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात; जगातील एकूण नव्या रुग्णांपैकी हे निम्म्याहून अधिक आहेत. त्यांत मुलेही आहेत. म्हणजे संसर्गाची साखळी तुटलेली नाही. छत्तीसगड, झारखंड, ओडिशा, बिहार आणि आपला पूर्व विदर्भ या पट्ट्यात आशा कार्यकर्त्या घरोघर फिरून चट्टे पाहतात. या तपासणीला हसू नये, आणि अंग दाखविण्यास लाजू नये.

जंतू मेले तरी मेलेली नस पुन्हा जिवंत होत नाही. औषधाचा क्रम पुरा करून रोगमुक्त झालेली, पण बधिर हातापायांची कितीतरी माणसे आपल्या खेड्यांत राहतात. त्यांची पाकिटे संपली की सरकारी वहीतून त्यांचे नाव निघते. २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्याने कुष्ठमुक्त व्यक्तींना दिव्यांगांत गणले हे फार बरे झाले. परंतु कायदा आणि चावडी यांमधले अंतर बरेच आहे. स्वस्त धान्याच्या दुकानात आज यंत्रावर बोट ठेवून ओळख पटवावी लागते. ज्याच्या बोटांच्या रेषाच झिजून गेल्या त्याला यंत्र ओळखत नाही. डोळ्याच्या बुबुळावरून किंवा दुसऱ्या मार्गाने ओळख पटविण्याची सोय आहे, पण ती दुकानदाराला ठाऊक असावी लागते, आणि रांगेत मागे उभ्या असलेल्यांना तेवढा धीर असावा लागतो. त्या रांगेतला कोणी पुढे होऊन, "याला मी ओळखतो," एवढे म्हणाला तर पुष्कळ फरक पडतो.

त्या बाईकडे पुन्हा वळतो. तिने गोळ्या नेमाने घेतल्या. नसेची सूज उतरविण्याचे औषधही दिले, पण उशीर झाला होता. वाकलेली दोन बोटे वाकलेलीच राहिली. भाजलेले बोट मात्र वाचले, टोकाशी किंचित आखूड झाले इतकेच. आरंभी निंदणाच्या टोळीतल्या बायका तिच्याबरोबर भाकरी सोडीत नसत. टोळीतल्या एका वयस्क बाईने एके दिवशी सर्वांदेखत तिच्या फडक्यातली भाकरी उचलून खाल्ली. ती कोणाच्या सांगण्यावरून खाल्ली की भूक लागली म्हणून, याची मी चौकशी केली नाही. पुढे टोळीनेच ठरविले की विळ्याचे काम तिने करू नये, टोपल्या भराव्यात आणि पोरे सांभाळावीत.

काही वर्षांनी त्या बाजूला जाणे झाले तेव्हा मी तिच्या घरी डोकावलो. जिच्या लग्नासाठी तिने तीन वर्षे चट्टा झाकला होता, ती मुलगी माहेरपणाला आली होती. सासरी आईचा आजार कळला तेव्हा काय झाले, असे मी विचारले. "काई नाही झालं," मुलगी म्हणाली, मग थोडे थांबून, "सासूनं इचारलं, गोया घेते का थे?" तिची पाच-सहा वर्षांची पोर अंगणात आजीचे पाय मांडीवर घेऊन तळवे पाहत बसली होती. रोज संध्याकाळी काटे शोधण्याचे काम तिच्याकडे होते, आणि काटा सापडला की एक खारीक मिळे. त्यामुळे शोध कसून चाले.

बाईने मला चहा करून दिला. चुलीवरचे पातेले उतरविण्यासाठी तिने हात पुढे केला, तो अंगणातून पोरीने मान वर न करताच सांगितले, "आजी, गरम हाय." बाईने हात मागे घेतला आणि खुंटीवरचे फडके काढले.